रात्रीची झोप आणि संध्याकाळचा नाश्ता: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

"झोप यावी म्हणून काय खाऊ?" हा प्रश्न आपल्याकडे बहुधा रात्री साडेदहाला, जेवण उरकून हात पुसताना सुचतो. तोवर संध्याकाळी पाचपासून पोटात जे जे गेलं, त्यानं रात्रीचा निकाल बराचसा लावलेला असतो. म्हणून खाली पदार्थांइतकंच घड्याळही येईल. घरात मिळणारं, गल्लीच्या किराणा दुकानात मिळणारं आणि खिशाला परवडणारं, एवढ्यावरच बोलू.

असा एखादा पदार्थ आहे का, जो खाल्ला की झोप येतेच?

नाही. असता तर औषधवाल्यांनी केव्हाच त्याची गोळी करून विकली असती.

काही पदार्थांत झोपेच्या कामी येणारा कच्चा माल मात्र असतो. ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल दूध, डाळी, तीळ, शेंगदाणे, अंडी, चिकन अशा प्रथिनांच्या पदार्थांतून मिळतं. शरीर त्यापासून सेरोटोनिन बनवतं आणि अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी त्याचंच मेलाटोनिन करते. रात्र झाल्याची खबर शरीराला देणारं हे संप्रेरक. 1958 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ॲरन लर्नर यांनी ते पहिल्यांदा वेगळं काढलं.

आता अडचण. रक्तातून मेंदूत शिरताना ट्रिप्टोफॅनला इतर अमिनो आम्लांबरोबर एकाच दारातून जावं लागतं, आणि प्रथिनांच्या ताटात त्या इतरांचीच गर्दी जास्त असते. भात किंवा पोळी पोटात गेली की इन्शुलिन वाढतं, ते गर्दीतल्या बऱ्याच जणांना स्नायूंकडे वळवतं आणि ट्रिप्टोफॅनला जरा वाट मिळते. पण ताटात थोडी जरी प्रथिनं असली तरी हा फायदा पुसट होतो, आणि नुसता कोरडा भात खाऊन कोणी झोपत नाही. त्यामुळे "अमुक पदार्थात ट्रिप्टोफॅन आहे, खा आणि झोपा" असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे चला.

माझं मत सरळ आहे. झोप आणणारा पदार्थ शोधत बसण्यापेक्षा झोप मोडणारा पदार्थ आणि त्याची वेळ हलवली, तर फरक लवकर दिसतो.

मग यात संध्याकाळच्या नाश्त्याचा काय संबंध जी?

सगळा संबंध तिथेच आहे. दुपारी एकला जेवलेला माणूस सहाला भुकेला होतो. मग दोनपैकी एक घडतं. ऑफिसमधून निघताना सीताबर्डीत किंवा गोकुळपेठेत समोसा, आलुबोंडा, वर तर्री, वर चहा. नाहीतर "आता जेवायचंच आहे" म्हणत नुसता चहा आणि दोन बिस्किटं. पहिल्यात तेल इतकं जातं की नऊला भूकच नसते, म्हणून जेवण साडेदहावर ढकललं जातं. दुसऱ्यात नऊला इतकी भूक असते की तीनच्या जागी पाच पोळ्या जातात. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात: अकरा वाजता भरलेलं पोट आणि साडेअकराला गादी.

पोट भरलेलं असताना आडवं झालं की जठरातलं आम्ल घशाकडे येतं. तळलेल्या, तेलकट पदार्थांनी जठर रिकामं व्हायला आणखी वेळ लागतो. शिवाय झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि जड जेवण पचवताना शरीर नेमकी उष्णता तयार करत असतं. सहाला बेताचं, पण खरं काहीतरी खाल्लं तर साडेआठ-नऊचं जेवण आपोआप हलकं होतं. तीच खरी कमाई.

सहाच्या सुमारास नेमकं काय खावं?

इथे आपण नशीबवान आहोत. वऱ्हाड-नागपूरकडच्या स्वयंपाकात या वेळेचे पदार्थ आधीपासून आहेत, फक्त समोशानं त्यांना मागे ढकललं.

उकडपेंडी. जाडसर कणीक किंवा ज्वारीचं पीठ थोड्या तेलावर खमंग भाजायचं, कांदा-मिरचीची फोडणी, आंबट ताकाचा नाहीतर पाण्याचा हबका, झाकण. वरून सांबार (म्हणजे आपली कोथिंबीर) पेरला की झालं. एक वाटी पोटाला दोन-अडीच तास धरून ठेवते आणि जड पडत नाही. घरात वयस्क माणसं असतील तर मी हिलाच पहिला नंबर देईन.

कच्चा चिवडा. मुरमुरे किंवा पातळ पोहे, कांदा, सांबार, शेंगदाणे, तिखट, कच्चं तेल. तेल चमचाभर घाला, अर्धी वाटी नाही. शेंगदाणे मात्र सढळ हातानं, कारण नुसते मुरमुरे तासाभरात विरतात आणि परत भूक लागते.

फुटाणे आणि गूळ. एक मूठ फुटाणे, सुपारीएवढा खडा गुळाचा. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला याहून सोपं काही नाही, डबा धुवायचीही भानगड नाही.

ज्वारीच्या लाह्या, मोड आलेल्या मुगाची उसळ, पावसाळ्यात फुटाळा तलावावर मिळतो तसा भाजलेला भुट्टा (मीठ-लिंबू बेतानं), हिवाळ्यात उकडलेले शिंगाडे. भंडारा-गोंदियाच्या तळ्यांतले शिंगाडे थंडीत आपल्या बाजारात येतात. उकडून, सोलून पाच-सहा खाल्ले की पोट शांत. अंडं चालत असेल तर एक उकडलेलं अंडं आणि अर्धी भाकरी.

तर्री पोहे? नुसते पोहे असते तर मी डोळे मिटून हो म्हटलं असतं. तर्रीचं तिखट आणि तेल संध्याकाळी ज्यांना सोसतं त्यांनी खावेत. ज्यांना रात्री छातीत जळजळतं त्यांच्यासाठी ते सकाळचे आहेत आणि सकाळीच बरे लागतात.

चहा किती वाजेपर्यंत चालेल?

रात्री अकराला झोपणाऱ्याचा शेवटचा चहा चार-साडेचारला व्हायला हवा. लोकांना हे सांगितलं की चेहरा पडतो, पण कारण ऐका.

दिवसभर जागं राहिल्यावर मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि त्याच्यामुळे डोळे जड होतात. कॅफीन ॲडिनोसिनच्या जागेवर जाऊन बसतं. थकवा असतो तसाच असतो, तो आपल्याला जाणवत नाही इतकंच. शरीरातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण 5 तास लागतात. कोणाला कमी, कोणाला बरेच जास्त. म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं कॅफीन अकराला रक्तातच असतं. 2013 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या 6 तास आधी 400 मिलीग्रॅम कॅफीन दिलं, तर लोकांची झोप तासाभराहून जास्त घटली. हा डोस मोठा होता हे खरं. आपल्या चहाचा हिशेब हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या आहार-मार्गदर्शिकेत दिला आहे: 150 मिली चहात 30 ते 65 मिलीग्रॅम, आणि दिवसाची मर्यादा 300 मिलीग्रॅम. टपरीवरचा कटिंग लहान असतो, पण उकळून उकळून कडक केलेला असतो, आणि तो एकच घेऊन कोण थांबतं?

"मला तर चहा पिऊन लगेच झोप लागते" असं म्हणणारे प्रत्येक घरात असतात. लागत असेल. पण कॅफीनमुळे गाढ झोप कमी होऊ शकते, आणि ती कमी झाली हे झोपलेल्याला कळत नाही. सकाळी अंग आंबलेलं वाटलं की त्यासाठी परत चहा.

संध्याकाळी कपाची सवय सुटत नसेल तर गवती चहा, आलं, तुळस, थोडा गूळ असा काढा घ्या, चहापत्ती न टाकता. कपही हातात राहतो आणि गप्पाही. गरोदर बायकांच्या शरीरात कॅफीन फार जास्त वेळ टिकतं, म्हणून त्यांनी दिवसभराचं मिळूनच 200 मिलीग्रॅमच्या आत राहावं आणि दुपारनंतर टाळावंच.

ग्रीन टी, कॉफी, कोल्ड्रिंकचं काय?

ग्रीन टी हाही चहाच. कॅफीन त्यातही आहे. इन्स्टंट कॉफीच्या कपात 50 ते 65 मिलीग्रॅम, गाळलेल्या कॉफीत 80 ते 120. कोलाच्या छोट्या बाटलीत त्यापेक्षा कमी, पण साखर भरपूर. एनर्जी ड्रिंकमध्ये नियमानुसार लिटरमागे 145 ते 300 मिलीग्रॅम कॅफीन असू शकतं. रात्री जेवणानंतर ते पिणाऱ्यानं झोपेची तक्रार करू नये.

झोपताना गरम दूध प्यायल्यानं खरंच फायदा होतो का?

थोडा. एका ग्लास दुधात साधारण 100 मिलीग्रॅमच्या आत ट्रिप्टोफॅन असतं, आणि झोपेवर परिणाम दिसलेल्या बऱ्याच प्रयोगांत ते 1 ग्रॅम किंवा त्याहून जास्त दिलं होतं. तेव्हा दुधाचं श्रेय रसायनापेक्षा सवयीला जास्त द्यावं लागेल. रोज ठरावीक वेळी, दिवे मंद करून, मोबाइल बाजूला ठेवून कोमट काहीतरी प्यायलं की शरीराला पुढचं काम कळतं.

गायीचं की म्हशीचं, यावर आपल्याकडे घराघरांत वाद. चरकसंहितेत म्हशीचं दूध झोप न येणाऱ्यांसाठी हितकर सांगितलं आहे, आणि त्याच दमात ते गायीच्या दुधापेक्षा पचायला जड असल्याचंही म्हटलं आहे. आजच्या माणसानं दुसरं विधान विसरू नये. जेवून अर्ध्या तासात साय धरलेलं म्हशीचं दूध पोटभर प्यायलं तर झोपेऐवजी ढेकर येतील. अर्धा-पाऊण कप, साय काढून, जेवणानंतर दीड-दोन तासांनी. दूध प्यायल्यावर पोट फुगत असेल, गॅस होत असेल तर दूध मानवत नाही एवढाच अर्थ. मग आग्रह कशाला?

दुधात जायफळ, हळद, खसखस घातली तर?

जायफळाचा गुण आजीला ठाऊक होता आणि त्याची मात्राही ठाऊक होती. सहाणेवर दोन-तीन वेढे, बस. हल्ली तयार पूड मिळते आणि लोक पाव-अर्धा चमचा टाकून मोकळे होतात. जायफळातलं मिरिस्टिसिन जास्त झालं की उलट्या, धडधड, तोंड कोरडं पडणं, भ्रम असे प्रकार होतात. एका अख्ख्या जायफळाएवढी पूड तर सरळ दवाखान्यात नेऊ शकते. चिमटीच्या वर जाऊ नका. तान्ह्या बाळाला झोपवायला जायफळ उगाळून देऊ नका, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नाही.

हळद झोपेसाठी काही विशेष करते असं नाही. चव आवडते तर घाला.

खसखस आपल्याकडे दोन टोकांना आहे. एकीकडे सावजी रश्शाच्या वाटणात, दुसरीकडे थंडाव्याच्या खिरीत. स्वयंपाकातल्या बियांत अफूचे अंश अगदी नाममात्र असतात, त्यांनी गुंगी येत नाही. मात्र तुमचा मुलगा आखातात किंवा सिंगापुरात असेल तर त्याच्या बॅगेत खसखशीचा पुडा घालू नका. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, सिंगापूर इथे ती नेणं गुन्हा ठरतो.

आणि हो, कोजागिरीला हेच जायफळ घातलेलं आटीव दूध पिऊन आख्खी गच्ची रात्री दोनपर्यंत जागी असते. तेव्हा एकट्या जायफळाकडून फार अपेक्षा नको.

सावजी खाल्लं की रात्रभर झोप लागत नाही. मसाल्यामुळे का?

मसाल्यामुळे, तेलामुळे आणि वेळेमुळे. 1992 मध्ये ऑस्ट्रेलियात काही तरुणांना रात्रीच्या जेवणात तिखट सॉस आणि मोहरी देऊन पाहिलं. झोप लागायला उशीर झाला आणि झोपेच्या सुरुवातीला अंगाचं तापमान वाढलेलं दिसलं. माणसं मोजकीच होती, पण ज्यानं रात्री दहाला मटण सावजी हाणलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

सावजी सोडा असं मी म्हणणार नाही. हलबा कोष्टी समाजाच्या चुलीवरून आलेला हा रस्सा म्हणजे नागपूरची ओळख आहे. फक्त तो रविवारी दुपारी खा. दुपारी एकला खाल्लेला रस्सा रात्री अकरापर्यंत बराच पुढे गेलेला असतो. रात्रीच बेत ठरला असेल तर साडेआठच्या आत, वरची तर्री बाजूला सारून, भातापेक्षा भाकरीबरोबर. आणि निदान तीन तास आडवं होऊ नका. झोपताना डाव्या कुशीवर झोपा. जठराची ठेवण अशी आहे की डाव्या कुशीवर आम्ल वर येण्याचं प्रमाण कमी राहतं. डोक्याखाली दुसरी उशी घेण्यापेक्षा पलंगाचे उशाकडचे पाय विटेनं उचलले तर जास्त उपयोग.

रात्री भात खावा की नाही?

खावा. भातानं झोप बिघडते असं नाही; उलट सिडनीत 2007 मध्ये झालेल्या एका छोट्या प्रयोगात लवकर पचणारा भात झोपेच्या 4 तास आधी खाल्लेल्या तरुणांना झोप लवकर लागली, आणि तोच भात तासभर आधी खाल्ल्यावर एवढा फायदा दिसला नाही. परत घड्याळ आलंच.

मुगाच्या डाळीची खिचडी आणि पातळ कढी, वरण-भात-तूप-लिंबू, ज्वारीच्या कण्या ताकासोबत, वरणफळं, असं काहीही रात्रीला उत्तम. गोळाभात चवीला कितीही भारी असला तरी वरून ओतलेलं फोडणीचं तेल मोजून घ्या. 2016 च्या एका अमेरिकी अभ्यासात कमी चोथा, जास्त साखर आणि जास्त संपृक्त चरबी खाल्लेल्या दिवशी लोकांची झोप उथळ आढळली. याचा आपल्या ताटापुरता अर्थ: एक वाटी पालेभाजी किंवा कोशिंबीर वाढवा, जेवणानंतरची बर्फी कमी करा.

दही रात्री खाऊ नये म्हणतात...

आयुर्वेदात तसं सांगितलं आहे आणि अनेकांना रात्री दह्यानं घसा धरल्यासारखा वाटतो. तुम्हाला तसं होत असेल तर टाळा. होत नसेल तर वाटीभर ताजं दही किंवा पातळ ताक झोपेच्या आड येत नाही. आंबट झालेलं दही मात्र जळजळ असणाऱ्यांनी रात्री नकोच.

संत्री, केळी, कीवी: फळांत काही दम आहे का?

कीवीवरचा तैवानमधला प्रयोग सगळीकडे सांगितला जातो: 2011 साली 24 जणांना चार आठवडे झोपेच्या तासभर आधी दोन कीवी दिले आणि झोप सुधारली. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे कीवीमुळे सुधारली की रोजच्या नेमामुळे, हे सांगता येत नाही. एवढे पैसे घालायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

केळ्यात ट्रिप्टोफॅन अगदीच कमी, नाव मोठं. पण रात्री थोडी भूक राहिली तर अर्धं केळं चिवड्यापेक्षा केव्हाही चांगलं.

संत्र्यावर मात्र आपला जीव. आंबिया बहार पावसाळा सरल्यावर, मृग बहार फेब्रुवारी-मार्चकडे. वर्षातले किती महिने घरात पेटी असते! संत्रं झोप आणत नाही आणि मोडतही नाही. ॲसिडिटी असलेल्यांनी ते दुपारी चारला खावं, रात्री नाही. रस काढण्यापेक्षा फोडी खाल्ल्या तर चोथाही मिळतो. संत्रा बर्फी म्हणजे संत्र्याच्या नावाखालची साखर, तिला फळांत धरू नका.

मे महिन्यात तर काहीही खा, झोप लागतच नाही.

पारा 45 च्या वर असताना रात्री भिंतीसुद्धा गरम असतात, तिथे फक्त पदार्थ काय करणार? तरी ताटातून थोडी मदत होते. रात्रीचं जेवण निम्म्यावर आणा. ज्वारीची आंबील, ताक-भात, कांदा-कैरीची कोशिंबीर, भाकरी आणि पातळ वरण. मांसाहार आणि तळण या दिवसांत रात्री नको. कैरीचं पन्हं सहाला प्या, दहाला नाही. टरबुजाचंही तेच, नाहीतर रात्रभर उठबस. उन्हात फिरून आलेल्यानं पाणी संध्याकाळी आठपर्यंत भरून काढावं, झोपताना गटागटा दोन तांबे पिऊ नये. झोपण्याआधी साध्या पाण्यानं आंघोळ केली तर अंगातली उष्णता निघायला मदत होते. मला विचाराल तर मे महिन्यात कुठल्याही दुधापेक्षा ती जास्त कामाची.

बाबांना रात्री तीन-तीन वेळा लघवीला उठावं लागतं. खाण्यात काही बदल?

पाणी सगळेच कमी करतात, मीठ कोणी पाहत नाही. जपानमधल्या नागासाकी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2017 मध्ये मांडलेल्या पाहणीत ज्यांनी रोजचं मीठ साधारण 11 ग्रॅमवरून 8 ग्रॅमवर आणलं, त्यांच्या रात्रीच्या फेऱ्या सरासरी 2.3 वरून 1.4 वर आल्या. आपल्याकडे रात्रीच्या ताटात पापड, लोणचं, चटणी, वर शेव. आठवडाभर यातलं फक्त एक राहू द्या आणि फरक बघा. संध्याकाळनंतरचा चहाही बंद. तरीही फेऱ्या थांबत नसतील तर प्रोस्टेट आणि साखर दोन्ही तपासा, आणि रक्तदाबाची गोळी कोणत्या वेळी घ्यावी हे डॉक्टरांना विचारा.

जेवण झाल्यावर खर्रा खाल्ल्याशिवाय चैन पडत नाही. त्यानंही झोप जाते का?

जाते. पन्नीत घोटलेल्या त्या खऱ्यात तंबाखू, सुपारी आणि चुना असतो. निकोटीन मेंदूला जागं करतं, सुपारीतलं अरेकोलिनही तरतरी आणणारंच. "त्यानं डोकं शांत होतं" असं वाटतं, कारण तलफ भागते. मध्यरात्री निकोटीन उतरलं की तलफ झोपेतून उठवते. आणि तोंडाच्या कर्करोगापुढे झोपेचा मुद्दा किरकोळच. सोडायचा असेल तर 1800-11-2356 हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक आहे. तोंडात काहीतरी हवंच असेल तर भाजलेली बडीशेप, ओवा, जवस.

दारूचं थोडक्यात: झोप लवकर लागते, उत्तररात्री तुटते, घोरणं वाढतं.

रात्री पाय वळवळतात, स्थिर राहतच नाहीत. हे खाण्याशी संबंधित आहे का?

असू शकतं, आणि हा प्रश्न जास्त लोकांनी विचारायला हवा. आडवं झाल्यावर पायांत मुंग्या, ओढ, हलवल्याशिवाय राहवत नाही अशी अवस्था होत असेल तर शरीरातलं लोह कमी असण्याची शक्यता असते. देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्क्यांना रक्तक्षय असल्याचं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. कामाच्या रगाड्यानं पाय दुखतात असं म्हणून बायका स्वतःच तेल चोळत बसतात आणि तपासणी राहून जाते. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं.

खाण्यात अळीव, तीळ, हिरव्या पालेभाज्या, कडधान्यं, चालत असेल तर मटण-कलेजी. आणि सोबत लिंबू, आवळा किंवा संत्रं, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको, तो लोह अडवतो. कमतरता जास्त असेल तर नुसत्या अळिवाच्या लाडवानं भरून निघत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात.

पोट्टे रात्री अकरापर्यंत उड्या मारतात. त्यांना काय द्यावं?

आधी काय देऊ नये ते बघा: चॉकलेट, कोला, दुधात कोको असलेली पावडर. कोकोतही थोडं कॅफीन असतं आणि मुलांच्या लहान अंगाला तेवढं पुरतं. खेळून आल्यावर साडेसहाला पोळीचा लाडू, उकडपेंडी किंवा उपमा, आठला वरण-भात, हवं तर झोपताना अर्धा कप साधं दूध, नंतर दात घासून. दहावी-बारावीची मुलं परीक्षेच्या दिवसांत रात्री कॉफी पितात. वाचलेलं डोक्यात पक्कं बसायला झोपच लागते, हे त्यांना एकदा समजावून बघा. ऐकतील याची खात्री मी देत नाही.

शुगर आहे. झोपताना काही खावं का?

प्रत्येकाला गरज नसते. इन्शुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना पहाटे घाम फुटणं, धडधड, भयंकर स्वप्नं असं होत असेल तर रात्री साखर खाली जात असावी. अशा वेळी उठून साखर मोजा आणि आकडा डॉक्टरांना दाखवा. रात्री मूठभर फुटाणे किंवा अर्धा कप दूध घ्यायचं की डोस बदलायचा, हे त्यांनी ठरवायचं. ज्यांना असा त्रास नाही त्यांनी "साखर उतरेल" या भीतीनं रोज झोपताना बिस्किटं खाऊ नयेत.

नाइट ड्युटी असते. आमचं गणितच उलटं आहे.

मिहानमधली कॉल सेंटरची पोरं, मेडिकलच्या सिस्टर, खाणीतले कामगार, सगळ्यांचं हेच. मुख्य जेवण ड्युटीला निघण्याआधी घरी करा. मध्यरात्री पोळी-भाजी किंवा उसळीसारखं बेताचं. पहाटे चारला कँटीनचा समोसा नको. चहा-कॉफी ड्युटीच्या पहिल्या निम्म्या वेळातच. सकाळी घरी आल्यावर पोहे-दूध किंवा एक भाकरी असं हलकं खाऊन खोली अंधारी करून झोपा. उपाशी झोपलात तर दुपारी अकराला भूक उठवते.

रात्री दोनला जाग येते आणि फ्रीज उघडावासा वाटतो. खाऊ का?

आधी बघा की भूक आहे की नुसती जाग. घोटभर पाणी प्या, दहा मिनिटं अंथरुणाबाहेर मंद उजेडात बसा. घड्याळ आणि मोबाइल दोन्ही बघू नका. खरी भूक असेल तर चार-पाच भिजवलेले बदाम, अर्धं केळं किंवा दोन घास दूध-भात. फ्रीजमधली बर्फी नाही, कारण गोड खाऊन रात्री उठण्याची सवय फार लवकर लागते. रोजच दोनला भूक लागत असेल तर संध्याकाळचा नाश्ता आणि रात्रीच्या ताटातली डाळ कमी पडते आहे. वाटीभर वरण वाढवून बघा.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री असं होत असेल आणि तीन महिने उलटून गेले असतील तर पदार्थ बदलत बसू नका. जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी विचार आणि सवयी बदलणारी एक खास उपचारपद्धत दिली जाते. मानसोपचारतज्ज्ञांकडे तिची चौकशी करा. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा गाडी चालवताना डुलकी, यातलं काही असेल तर तीन महिनेही थांबायचं नाही. छाती किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून झोपेची तपासणी करून घ्या.